कुलपांचा क्रम आधी ठरवा

भिलाईच्या आयआयटीचं कुटेलाभाठा इथलं कायमस्वरूपी संकुल २०२४ च्या फेब्रुवारीत देशाला अर्पण झालं. शेजारच्या दुर्गमधली बीआयटी तर १९८६ पासून अभियंते घडवते आहे. अशा संस्थांमधल्या संगणकशास्त्राच्या वर्गात डेडलॉकच्या, म्हणजे प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकून पडण्याच्या, चार अटी शिकवल्या जातात: वस्तू एका वेळी एकाचीच, हातातली धरून ठेवून दुसरीची वाट पाहणं, ती हिसकावता न येणं आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी त्या १९७१ मध्ये मांडल्या. परीक्षेपुरत्या त्या पाठही होतात. माझा आग्रह असा, की प्रत्येक विद्यार्थ्याने डेडलॉक एकदा स्वतःच्या हाताने घडवून पाहावा.

प्रयोग सोपा आहे. दोन फाइली घ्या, हजेरीची आणि पगाराची. पहिला प्रोग्राम हजेरीला लॉक लावून पगाराची फाइल मागतो, दुसरा पगाराला लॉक लावून हजेरीची. दोन लॉकच्या मध्ये सेकंदभराचा थांबा टाका. दोघंही जागच्या जागी अडकतात. एरर नाही, प्रोसेसरवर भार नाही, पडद्यावर काही हालचाल नाही. लिनक्सवर हे लॉक 'एफलॉक' या कॉलने लावले असतील तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अवाक्षर काढत नाही. 'एफसीएनटीएल'ने लावले असतील, तर वर्तुळ पूर्ण करणाऱ्या प्रोग्रामला तो एरर देऊन परत पाठवतो. हा फरक विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिला की जन्मभर विसरत नाही.

'हँग झालं, रीस्टार्ट करा' हा आपल्याकडचा सर्रास उपाय. घरच्या संगणकावर तो चालून जातो. पगाराच्या किंवा रुग्णालयाच्या नोंदींवर मात्र नाही, कारण बंद पाडलेला प्रोग्राम फाइल अर्धवट लिहून सोडू शकतो.

खरा उपाय शिस्तीचा आहे: सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे, म्हणजे वर्तुळ तयारच होत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात घडलेल्या रुळांवर धावणाऱ्या गाड्यांच्या एकेरी मार्गावरही कोंडी आधीच टाळण्याचा हाच विचार असतो. 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची परवानगी, मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही. गाड्या समोरासमोर आल्यावर तोडगा शोधत बसायचं नसतं. लिनक्सचा कर्नलही असाच वागतो. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना, एक फोल्डर दुसऱ्याच्या पोटात असेल तर वरच्या फोल्डरला आधी लॉक लागतो. इंगो मोल्नार यांचं २००६ मध्ये कर्नलमध्ये आलेलं 'लॉकडेप' हे तपासणीचं साधन लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात याची नोंद ठेवतं आणि उलटा क्रम दिसला की, प्रत्यक्ष डेडलॉक होण्याआधीच, इशारा देतं.

म्हणून प्राध्यापकांना एक विनंती. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालात एक पान सक्तीचं करा: कोणता लॉक कोणाच्या आधी घ्यायचा आणि का. तोंडी परीक्षेत चार अटी विचारण्याऐवजी ते पान उघडायला सांगा.