घडी दिसायला हवी
जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नायट्रोसेल्युलोज बनतं. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ याच ज्वालाग्राही पदार्थाच्या फिल्मवर उतरला. पुढे सुरक्षित फिल्म आली, रंग आले आणि डार्करूममधलं काम अवघड झालं. कृष्णधवल कागदाला कॉन्ट्रास्टचे, म्हणजे उजेड-सावलीतल्या फरकाचे, ग्रेड असतात. रंगीत कागदाला ती सोय नाही. रंगीत छपाईत एन्लार्जरचे पिवळे नि मॅजेंटा फिल्टर फक्त रंगाचा तोल साधतात. डेव्हलपरची मात्रा बदलली, तर सावलीला एक छटा चढते, उजेडाला दुसरीच. तीव्र कॉन्ट्रास्ट नरम करायचा खरा उपाय मास्कचा: निगेटिव्हवरून कृष्णधवल फिल्मवर फिकट, किंचित धूसर पॉझिटिव्ह काढायची, दोन्ही तंतोतंत जुळवायच्या आणि एकत्र छापायच्या. मग पांढऱ्या धोतराची घडी दिसते, छपरीच्या सावलीतला चेहराही उजळतो. घरातल्या जुन्या निगेटिव्ह टाकू नका. त्यांत अजून बरंच दडलेलं आहे.