नळ फुटला म्हणजे

घरातला नळाचा पाईप फुटला की एकच धावपळ उडते. कोणी चिंध्या शोधतो, कोणी बादल्या मांडतो, कोणी पोराला नळवाल्याकडे पिटाळतो. पाणी वाया चालल्याची चुटपुट सर्वांनाच लागते आणि ती खोटी नाही. आम्ही पडलो कारकून माणूस, हिशेब केल्यावाचून राहवत नाही. १५ लिटरची बादली मिनिटात भरत असेल तर तासाभरात ९०० लिटर पाणी नालीत जाते. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा आकडा जिवाला लागणारच. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, फुटलेल्या पाईपातून जे बाहेर जाते, त्यापेक्षा जे आत येते त्याची आम्हाला अधिक धास्ती वाटते.

परतूरला आमच्या घरी मागे असेच झाले. नळाला रोज पाणी नसते. मधल्या काळात रिकाम्या पाईपात हवा भरते. पाणी सुटले की ते ही हवा रेटत येते आणि वळणावर, म्हणजे एल्बोला, धडक बसते. आमचा एल्बो तडकला तो नळाच्या खड्ड्यात, नालीपासून हातभर अंतरावर. आमच्या मंडळींनी आधी विजेचे मेन स्विच बंद केले, कारण पाणी मोटारीच्या बोर्डाकडे निघाले होते. मग कॉक फिरवला, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. हा क्रम प्रत्येक घराने पाठ करावा. ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावून दगावलेली माणसे काही थोडी नाहीत.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाऊजी, आता थेंब गळंना. नळवाला येईल तवा येईल, घाई कशाची?"

घाई होती ती त्यांच्याच घरासाठी. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा महिना लागलेला, आणि त्यांची लाईन आमच्याच लाईनवर. पाईपात पाण्याचा जोर असतो तोवर फटीतून पाणी बाहेर पडते. पुरवठा बंद झाला की जोर संपतो आणि तीच फट खड्ड्यातले घाण पाणी आत ओढते. त्यात कोणी थेट नळाला मोटार जोडली तर विचारूच नका. मोटार एकाच्या घरी चालते आणि घाण साऱ्या गल्लीच्या पाईपात शिरते. वरून बांधलेली ट्यूब बाहेरची गळती थांबवते, ही ओढ थांबवीलच असे नाही.

पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले म्हणजे काय होते, ते इचलकरंजीने २०१२ च्या उन्हाळ्यात पाहिले. काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. अशी पाण्यातून येणारी 'ई' कावीळ धडधाकट माणसाला बहुधा सोडून देते, पण शेवटच्या महिन्यांतील गरोदर बाईच्या जिवावर उठते. हे आम्ही त्या बाईंना समजावले, तेव्हा त्यांनी स्वतःच मुलाला नळवाल्याकडे धाडले.

नळवाल्याने तुकडा कापून नवा एल्बो बसवला. सोल्युशन लावण्याआधी पाईप कोरडा पुसला आहे की नाही, हे उभे राहून पाहावे. ओल्या पाईपावर ते धरत नाही. पुढच्या वेळी पाणी आले की पहिल्या काही बादल्या झाडांना, संडासाला घालाव्यात. पिण्याचे पाणी खळखळ उकळावे किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. पुष्कळ घरांत तुरटी फिरवून निश्चिंत होतात. तुरटीने गाळ खाली बसतो, रोगजंतू मरतात असे समजू नये. फडक्याने गाळण्याचेही तेच. आणि घरापुढे कॉकच नसेल तर तो आधी बसवून घ्यावा. लग्नात मंडपावर जे उधळतो त्यातले थोडे इकडे वळवले तरी पुरते.

पाईप रस्त्याखाली, सार्वजनिक लाईनवर फुटला असेल तर नुसते तोंडी सांगून येऊ नये. अर्ज दोन प्रतींत लिहावा. कोणत्या घरासमोर, कोणत्या तारखेपासून, आणि गळती नालीजवळ आहे हे वाक्य त्यात हटकून घालावे. गल्लीतल्या पाच-दहा जणांच्या, विशेषतः बायांच्या सह्या घ्याव्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.