ताळेबंदात दडलेली जमीन

कारखाना तोट्यात आहे, वेतनवाढ परवडणार नाही, असे सांगताना व्यवस्थापन कामगारांपुढे ताळेबंद ठेवते. त्यातील आकडे बहुधा खोटे नसतात, आणि खरी अडचण तीच आहे. ‘मालमत्ता, संयंत्रे व उपकरणे’ हे एकच शीर्षक नीट वाचले, तरी कायदेशीर आकडाही सत्य कसे झाकतो हे ध्यानात येईल.

या शीर्षकाखाली सामान्यतः आजची किंमत नसते. मूळ खरेदीच्या किमतीतून घसारा वजा जाता जे उरते, ते असते. २०१३ च्या कंपनी कायद्याने सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे आयुष्य १५ वर्षे धरले आहे. १५ लाखांचे यंत्र घेतले आणि ५ टक्के अवशिष्ट मूल्य धरले, तर समान पद्धतीने दरवर्षी ९५ हजार घसाऱ्यात जातात. पंधरा वर्षांनी वहीत उरतात ७५ हजार. परंतु वहीत संपलेले यंत्र सोळाव्या वर्षीही माल काढते, हे केडगावातल्या वा नागापूरच्या वसाहतीतल्या कामगाराला कोणी शिकवायला नको.

जमिनीची तऱ्हा उलटी. तिला घसारा नाही. मात्र कंपनीने पुनर्मूल्यांकनाचा पर्याय स्वीकारला नाही, तर ती खरेदीच्याच भावाने वहीत पडून राहते. मुंबईचे गिरणगाव आठवा. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. पुढे गिरण्या ‘आजारी’ म्हणून बंद पडत गेल्या आणि कामगार देशोधडीला लागला. २००५ साली दादरच्या कोहिनूर गिरणी क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. आजारी गिरणीच्या पायाखाली एवढे धन होते!

हिशेबतज्ज्ञ म्हणतील, मूळ किंमत हा सावधगिरीचा मार्ग आहे. बाजारभाव आज चढतो, उद्या उतरतो. मान्य. पण ही सावधगिरी कोणासाठी? कर्ज काढताना हीच कंपनी मूल्यमापक बोलावते आणि जमीन बाजारभावाने तारण ठेवते. वेतनाची बोलणी निघाली की मात्र जुनी वही पुढे येते. एकाच जमिनीला सावकारासाठी एक भाव आणि श्रमिकासाठी दुसरा, ही सावधगिरी नव्हे, सोय आहे.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस १६’ या लेखामानकातच यावर उतारा आहे. घसारा पूर्ण होऊनही वापरात असलेली संयंत्रे किती, आणि वहीतील किमतीहून बाजारमूल्य फार वेगळे असल्यास ते किती, हे कंपनीने जाहीर करावे असे ते सुचवते. सुचवते, सक्ती करीत नाही! ही सूचना सक्तीची करा, आणि टिपणात जमिनीचे क्षेत्र व खरेदीचे वर्षही द्या, एवढीच आमची मागणी आहे.

नगर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या भांडवलावर साखर कारखाना उभा केला. १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. पुढे राज्यातील कित्येक सहकारी कारखाने कर्जापायी लिलावात निघाले आणि ते कवडीमोलाने गेल्याचे आरोप झाले. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयांनी करावा. आपल्या मालकीची जमीन किती व तिचे मोल काय, हे लिलावाआधी सभासदाला कळणे मात्र न्यायालयावर सोडता येत नाही. सर्वसाधारण सभेत अहवाल ‘वाचला असे समजून’ हात वर करण्यापूर्वी हे एक पान वाचा, आणि प्रश्न विचारा.