विश्लेषण : सर्व्हर सुरू होताना नेटवर्क जोडणारी जुनी स्क्रिप्ट हद्दपार का झाली?

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या प्रणालीची दहावी आवृत्ती मे २०२५ मध्ये आली. तिच्यात ‘आयएफसीएफजी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फायली वाचण्याची सोय उरलेली नाही. सामान्य वापरकर्त्याला याचा पत्ताही लागणार नाही. पण बँका, दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे अशा ठिकाणी सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या दोन पिढ्या याच फायलींवर वाढल्या. संगणक सुरू होताच त्याला नेटवर्कशी कसे जोडायचे, हे या फायलींत लिहिलेले असे. ते बदलताना एक ओळ चुकली, तर यंत्र चालू असूनही कुणालाच सापडत नाही.

जुनी पद्धत काय होती?

नेटवर्क कार्डाच्या नावाने एक छोटी फाइल. तिच्यात चार-पाच ओळी: कार्डाचे नाव, पत्ता आपोआप घ्यायचा की ठरलेला द्यायचा, सुरुवातीलाच जोडायचे की नाही. यंत्र सुरू होताना ‘आयएफअप’ ही स्क्रिप्ट ती फाइल वाचे, कार्डाला पत्ता देई आणि बाहेरचा रस्ता दाखवी. काही बिघडले तर स्क्रिप्ट उघडून वाचता येई, कारण ती साध्या शेल भाषेत होती. तिचे हे मोठे बलस्थान होते. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला असताना कोणता आदेश कोणत्या क्रमाने धावला, हे डोळ्यांनी पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग अडचण कुठे आली?

पहिली अडचण वेळेची. सुरुवातीच्या या स्क्रिप्टचे गृहीतक असे होते की, ती धावेल तेव्हा कार्ड जागेवर असेलच. आता यंत्राचे अनेक भाग एकाच वेळी जागे होतात. यूएसबीवरचे कार्ड काही सेकंद उशिरा येते, वायफाय मधेच तुटते. एकदा धावून संपणाऱ्या स्क्रिप्टला नंतर आलेल्या पाहुण्याची दखल घेता येत नाही.

दुसरी अडचण नावांची. लिनक्सचा गाभा ज्या क्रमाने कार्डे शोधी, त्या क्रमाने ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे देई. क्रम बदलला की नावे बदलत. आतल्या जाळ्याचे नियम बाहेरच्या कार्डाला लागले तर काय होईल, हे सांगायला नको. २०१३ मध्ये ‘सिस्टिमडी’ने कार्ड कोणत्या खाचेत आहे यावरून नाव ठरवण्याची पद्धत आणली. ‘ईएनपी३एस०’सारखी ही नावे लक्षात ठेवायला त्रासदायक असली, तरी सहसा बदलत नाहीत.

त्यात आयपीव्ही६, व्हीलॅन, अनेक कार्डांची मोट, डायल-अप या साऱ्यांसाठी एकेक नवी स्क्रिप्ट जोडली गेली. साधेपणा संपला तो इथेच. नव्या व्यवस्थेने तो मारला, हे अर्धेच खरे. नव्या व्यवस्थेलाही तिचे दोष आहेत. ‘सिस्टिमडी’चा वाट पाहणारा घटक नेटवर्क मिळेपर्यंत डीफॉल्टने दोन मिनिटे थांबतो. सर्व्हरच्या एखाद्या कार्डाला केबलच नसेल, तर ही दोन मिनिटे निव्वळ वाया जातात.

सुरक्षेशी याचा काय संबंध?

खरा धोका इथे आहे. सुरुवातीची स्क्रिप्ट ‘रूट’ या सर्वोच्च अधिकाराने धावते. त्यातच जुन्या पद्धतीत फाइल फक्त वाचली जात नसे, तर शेल तिला आदेश म्हणून चालवी. सेटिंगच्या फाइलीत कुणी आदेश लिहिला, तर तोही धावणार.

सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश शेलमधील ‘शेलशॉक’ ही त्रुटी उघड झाली. नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरचे उत्तर हा तिच्या वाटांपैकी एक होता: ते उत्तर स्क्रिप्टपर्यंत जाई आणि त्यात दडवलेला आदेश रूटच्या अधिकाराने धावू शके. २०१८ मध्ये तसेच पुन्हा घडले. रेड हॅटच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्तीत डीएचसीपी क्लायंटसोबत दिलेल्या, ‘नेटवर्कमॅनेजर’शी जोडणाऱ्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये, डीएचसीपीचे उत्तर तयार करणाऱ्याला आदेश घुसवता येत होते. म्हणजे नवी व्यवस्था आली, पण आत तोच शेल उरला. बाहेरून आलेला मजकूर कधीही आदेश म्हणून चालवू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. शेलमध्ये तो मोडणे मात्र फार सोपे असते.

स्क्रिप्ट ठेवूनही साधेपणा टिकतो का?

ओपनबीएसडी ही प्रणाली आजही ‘नेटस्टार्ट’ नावाच्या शेल स्क्रिप्टने नेटवर्क सुरू करते. तिथे प्रत्येक कार्डासाठी एक फाइल असते आणि फाइलीच्या नावातच कार्डाचे नाव असते. आतल्या बहुतेक ओळी जवळपास जशाच्या तशा ‘आयएफकॉन्फिग’ या आदेशाकडे जातात. हाताने टाइप करायचे तेच फाइलीत लिहायचे, त्यामुळे वेगळी भाषा शिकावी लागत नाही. वायफायचा संकेतशब्द असलेली ही फाइल सगळ्यांना वाचता येत असेल, तर स्क्रिप्ट इशारा देऊन परवानग्या स्वतः दुरुस्त करते. शिवाय प्रत्यक्ष काही न बदलता, कोणते आदेश धावतील एवढेच दाखवण्याचीही सोय आहे. अर्थात, ओपनबीएसडीचे गाभा आणि आदेश एकाच चमूच्या हाती आहेत, म्हणून हे जमते. लिनक्सचे तुकडे वेगवेगळ्या घरांतून येतात.

उबुंटूच्या ‘नेटप्लॅन’ने दुसरीकडून तोच प्रश्न सोडवला. त्याचा ‘ट्राय’ हा आदेश नवे सेटिंग लावतो आणि १२० सेकंदांत ते पक्के केल्याचे उत्तर आले नाही, तर जुने परत आणतो. आपणच लावलेल्या कुलपाबाहेर अडकलेल्या कुणालाही याची किंमत कळेल. अशा बिघाडाची व्याप्ती जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिली: क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. तो बिघाड नेटवर्कचा नव्हता, पण यंत्र धड सुरूच होत नसल्याने अनेक ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जावे लागले.

जुन्या फायली असलेल्यांनी आता काय करावे?

नवव्या आवृत्तीत जुन्या स्क्रिप्ट गेल्या, तरी नेटवर्कमॅनेजर या फायली वाचतो. त्यामुळे बदल तिथेच करून घेणे शहाणपणाचे. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट’ हा आदेश त्यांचे नव्या स्वरूपात रूपांतर करतो. हाताने लिहिलेल्या जादा आदेशांची यादी मात्र आधी करावी. ते आपोआप पुढे जातील असे धरू नये. त्यानंतर कन्सोल हाताशी असताना यंत्र एकदा मुद्दाम बंद करून सुरू करावे. नेटवर्क चालू असताना केलेला बदल बरोबर वाटतो. तो सुरुवातीलाही टिकतो का, हे पुन्हा सुरू केल्यावरच कळते.