आपल्या पासपोर्टच्या झेरॉक्स कुठे कुठे आहेत?



ऑस्ट्रेलियात आल्यावर पहिल्या महिनाभरात आपण आपला पासपोर्ट किती जणांना दाखवतो, हे कधी मोजलंय का? मोबाईलचं सिमकार्ड, बँक, भाड्याचं घर, हेल्थ इन्शुरन्स, नोकरी, मुलांची शाळा... इथे जन्मलेल्या माणसाकडे लायसन्स असतं, मेडिकेअर कार्ड असतं. आपल्याकडे सुरुवातीला भारतीय पासपोर्ट आणि त्याला जोडलेला व्हिसा एवढंच असतं. 'शंभर पॉईंट'च्या तपासणीत एकट्या पासपोर्टचे सत्तर पॉईंट मिळतात, म्हणून तोच सगळीकडे पुढे केला जातो. प्रत्येक ठिकाणी त्याची एक कॉपी मागे राहते आणि आपण ते विसरून जातो.

आयडेंटिटी थेफ्ट, म्हणजे ओळखीची चोरी, या विषयावर नेहमी एकच सल्ला ऐकू येतो: पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. गेल्या काही वर्षांत इथे झालेल्या मोठ्या चोऱ्या आपल्या घरातून झालेल्याच नाहीत. त्या आपण ज्यांच्याकडे कागद ठेवले, त्यांच्या कपाटातून झाल्या.

तीन मोठ्या चोऱ्या

सप्टेंबर २०२२ मध्ये ऑप्टसने आपल्या ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं जाहीर केलं. जवळजवळ ९८ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती धोक्यात होती आणि त्यातल्या सुमारे २१ लाख लोकांच्या ओळखपत्रांचे नंबर उघड झाले. चोराने सुमारे दहा हजार लोकांची माहिती इंटरनेटवर टाकली. मग सिडनीतल्या १९ वर्षांच्या एका मुलाने तीच माहिती उचलून ९३ जणांना 'दोन हजार डॉलर द्या, नाहीतर...' असे एसएमएस पाठवले. चोरी एकाची, फायदा दुसऱ्याचा! एकदा फुटलेली माहिती अशीच फिरत राहते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मेडिबँकची पाळी आली. इथे ९७ लाख लोक होते आणि त्यात सुमारे १८ लाख आंतरराष्ट्रीय ग्राहक. परदेशी विद्यार्थ्यांचे पासपोर्ट नंबर आणि व्हिसाचे तपशीलही गेले. विद्यार्थी व्हिसासाठी हेल्थ इन्शुरन्स घ्यावाच लागतो. म्हणजे पुण्या-नागपूरहून शिकायला आलेल्या आपल्या मुलांना 'माझी माहिती देत नाही' असं म्हणायची सोयच नव्हती. प्रायव्हसी कमिशनरने कोर्टात मांडलेली बाजू आम्हा आयटीवाल्यांना खाली मान घालायला लावणारी आहे. एका कंत्राटी कर्मचाऱ्याने ऑफिसचा पासवर्ड स्वतःच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केला, तो त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरून चोरीला गेला, आणि आत शिरताना दुसरा कोणताही कोड विचारला गेला नाही.

मार्च २०२३ मध्ये लॅटिट्यूड फायनान्शियल. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून सुमारे १ कोटी ४० लाख रेकॉर्ड, त्यात ७९ लाख लायसन्स नंबर. त्यातले गेल्या दहा वर्षांत दिलेले फक्त ३२ लाख होते. बाकीचे त्याहून जुने. काही माहिती तर थेट २००५ सालची! कर्ज कधीच फिटलं, पण कागद तसेच पडून राहिले.

जन्मतारीख बदलता येत नाही

पासवर्ड फुटला तर पाच मिनिटांत बदलता येतो. नाव, जन्मतारीख, जुना पत्ता कसा बदलणार? चोर हेच तुकडे जोडून तुमच्या नावावर कर्ज घेतो, तुमचा मोबाईल नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवतो, किंवा नवं मायगव्ह खातं उघडून त्याला तुमची टॅक्सची माहिती जोडतो आणि रिफंड स्वतःच्या खात्यात घेतो. आपल्याला कळतं ते महिन्यांनी, घराचं कर्ज नामंजूर झाल्यावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपली माहिती फुटली आहे असंच धरून चालायचं, आणि ती चोराच्या कामाची राहणार नाही अशी व्यवस्था करायची.

आजच करण्यासारखं

१. क्रेडिट रिपोर्ट मागवा. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि इलिऑन यांच्याकडून दर तीन महिन्यांनी तो मोफत मिळतो. आपण न केलेली चौकशी दिसली तर लगेच हालचाल करा.

२. टॅक्स खात्याला कुलूप लावा. मायआयडी 'स्ट्राँग' पातळीपर्यंत करून घ्या. एटीओच्या अ‍ॅपमध्ये खातं लॉक करण्याची सोयही आहे.

३. ईमेलला वेगळा पासवर्ड आणि दुसरा कोड ठेवा. बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, म्हणून ती घराची मुख्य किल्ली आहे.

४. घरासाठी अर्ज करताना विचारा: 'कागद प्रत्यक्ष दाखवले तर चालतील का? घर मिळालं नाही तर कॉपी काढून टाकाल का?' विचारण्यात भिडस्तपणा नको. पाठवावीच लागली तर कॉपीवर कोणासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवं लिहा. पाठवलेले स्कॅन 'सेंट' फोल्डरमधूनही पुसा.

५. भारतातला नंबर विसरू नका. बँकेला जोडलेलं जुनं सिम बरेच दिवस वापरात नसेल तर बंद होतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग आपले ओटीपी त्याच्याकडे! पॅनवर कोणी कर्ज काढलंय का ते सिबिलच्या मोफत वार्षिक रिपोर्टमध्ये कळतं. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करता येतं.

घडलंच तर

फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि येईना, तर वाट पाहू नका. नंबर पळवल्याची ती खूण असू शकते. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाईल कंपनीला आणि लगेच बँकेला फोन करा.

नंतर क्रेडिट बॅन लावा. तो मोफत असतो, सुरुवातीला २१ दिवसांचा, आणि वाढवता येतो. एकाच संस्थेला सांगितलं तर ती बाकी दोघांना कळवू शकते. बॅन असेपर्यंत तुमच्या परवानगीशिवाय तुमचा रिपोर्ट कर्ज देणाऱ्यांना मिळत नाही. तुम्हालाही त्या काळात नवं कर्ज घेणं अवघड जातं, हे लक्षात ठेवा.

मग आयडीकेअरला फोन करा (१८०० ५९५ १६०). ही ना-नफा संस्था तुमच्या बाबतीत कोणती पावलं कोणत्या क्रमाने घ्यायची ते मोफत सांगते. सरकारच्या रिपोर्टसायबरवर तक्रार नोंदवून तिचा नंबर जपून ठेवा. पुढे प्रत्येक जण तो मागतो. कोणाशी, कधी, काय बोलणं झालं याची एक वही ठेवा. खोटं कर्ज हटवायला कंपनी तयार नसेल, तर वित्तीय तक्रार प्राधिकरण आफ्का विनामूल्य निवाडा करतं.

आणि एक खास आपल्यासाठी: नवा पासपोर्ट घेतला तर होम अफेअर्सला नवा नंबर कळवा. व्हिसा जुन्या नंबराला जोडलेला असतो. हे राहून गेलं तर विमानतळावर ऐन वेळी धावपळ होते.

कायदा कुठवर आला?

डिसेंबर २०२२ मध्ये गंभीर प्रकरणांतला कमाल दंड किमान पाच कोटी डॉलरपर्यंत नेण्यात आला. जून २०२५ पासून प्रायव्हसीवरच्या गंभीर आक्रमणाबद्दल सामान्य माणसाला स्वतः कोर्टात जाता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन क्लिनिकल लॅब्जला ५८ लाख डॉलरचा दंड झाला, प्रायव्हसी कायद्याखालचा हा पहिलाच. दिशा बरोबर आहे. पण दंड सरकारी तिजोरीत जातो, आणि फोनवर तासन् तास ताटकळणं मात्र आपल्या वाट्याला येतं. कंपन्यांनी मुळात कमी कागद मागावेत आणि काम झाल्यावर नष्ट करावेत, हाच खरा इलाज. तो होईपर्यंत कुलपं आपली आपणच लावायची.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे अशी गोष्ट घडली की माणूस 'मीच बावळट' म्हणून गप्प बसतो. विशेषतः नवीन आलेली मुलं आणि भेटीला आलेले आई-बाबा. घरात हा विषय काढा. चोरी झाली यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उशीर झाला तर नुकसान मात्र वाढतं.