टाळ्या थांबल्यानंतर

काळे कुर्ते, कमरेला आवळलेली ओढणी, एक ढोलकी आणि भोवती कडं करून उभी राहिलेली गर्दी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पथनाट्याची फेरी सुरू झाली की नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीच्या महाविद्यालयांचे संघ एकामागून एक उतरतात. हुंडा, गर्भलिंगनिदान, छेडछाड, बालविवाह, बलात्कार हे विषय तिथे वर्षानुवर्षे येत आहेत. आता त्यांच्या जोडीला मोबाईलवर चित्रित केलेले लघुपटही आले. अठरा-वीस वर्षांची मुलंमुली बाईवरच्या हिंसेबद्दल चारचौघांत तोंड उघडतात, ही आपल्या भागात लहान गोष्ट नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. एवढ्या नाटकांनी काय बदललं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. याच विद्यापीठाच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के होतं. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी दर चौघींत एकीने नवऱ्याचा मार सोसल्याचं सांगितलं. 2023 च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मुलीच्या खुनाच्या आरोपात तिच्याच घरच्या पुरुषांना अटक झाली. कारण सांगितलं गेलं ते तिच्या प्रेमाचं. ‘सैराट’ हा चित्रपट येऊन तेव्हा जवळपास सात वर्षं झाली होती.

‘सैराट’चा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलतो. 2016 च्या उन्हाळ्यात गाण्यांवर नाचणारी चित्रपटगृहं शेवटच्या दृश्यानंतर मुकी होऊन बाहेर पडत होती. घराण्याच्या अब्रूसाठी पोटच्या पोरीचा जीव घेणं म्हणजे काय, हे त्या शांततेने लाखो माणसांना एकदम समजावलं. पण पुढे असा खून झाला की वर्तमानपत्रांत ‘सैराटची पुनरावृत्ती’ असा मथळा ठरूनच गेला. चित्रपटाने गुन्ह्याला नाव दिलं, आणि त्या नावाची आपल्याला सवय झाली. कलेची ताकद आणि कलेची हद्द, दोन्ही त्या मथळ्यात दिसतात.

मराठी रंगभूमीला हा प्रश्न नवा नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 मध्ये रंगमंचावर आलं. पैशासाठी कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावणाऱ्या बापाला त्या नाटकाने भर सभागृहात उघडं पाडलं. बालविवाहाला आळा घालणारा कायदा मात्र 1929 मध्ये, तीस वर्षांनी आला. आणि कायद्यालाही नव्वद वर्षं उलटल्यावर परभणीचा आकडा वर दिला तो आहे. नाटकाने समाज सुधारला नाही म्हणून नाटकाला दोष द्यायचा, तर कायद्यालाही तोच न्याय लावावा लागेल. दोघांचंही काम मधल्या माणसांवर अवलंबून असतं.

ही मधली माणसं कोण, हे ‘मुलगी झाली हो’च्या इतिहासात सापडतं. मथुरा बलात्कार प्रकरणानंतर देशभर उसळलेल्या स्त्रियांच्या चळवळीमुळे बलात्काराचा कायदा 1983 मध्ये बदलला. त्याच वर्षी ज्योती म्हापसेकर यांचं हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने उभं केलं. नेपथ्य जवळजवळ नाही, सोप्या चालींची गाणी, नटी म्हणून कधीच न वावरलेल्या बाया, आणि प्रयोग गावोगाव. पण नाटक करणारी ही संघटना सल्ला केंद्रंही चालवत होती. नाटक बघून ज्या बाईला आपलं घर आठवलं, तिला ठोठावायला एक दार होतं.

आपल्याकडच्या युवकांच्या नाटकांमागे असं दार दिसतं का? बहुतेक ठिकाणी नाही, आणि त्याचा दोष मुलांवर टाकता येणार नाही. त्यांना स्पर्धेसाठी मोजकी मिनिटं मिळतात, परीक्षक मिळतात आणि ढाल मिळते. ढाल मिळवायची म्हणून विषय धक्कादायक हवा, शेवट रडवणारा हवा. मग ओढणी खेचली जाते, किंकाळी येते, मुलगी कोसळते आणि हातात मेणबत्त्या घेऊन सगळे प्रेक्षकांकडे बघत थिजतात. लघुपटांत त्यावर सारंगीचा सूर आणि रडणाऱ्या चेहऱ्याचं जवळून घेतलेलं दृश्य चढतं. हेतू चांगला असूनही बाईचा छळ हाच खेळाचा सर्वांत रंगलेला भाग होऊन बसतो. बघणाऱ्यांत जिने हे खरंच सोसलं आहे, तिच्यावर काय गुजरत असेल, हे तालमीत कुणीतरी विचारायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या नाटकांतला गुन्हेगार बहुधा अनोळखी गुंड असतो, गळ्यात रुमाल, तोंडात गुटखा, अंधारी गल्ली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. गुंडाचं नाटक बघून प्रेक्षकातला पुरुष निवांत होतो, कारण तो गुंड आपण नव्हे हे त्याला ठाऊक असतं. उलट, बहिणीचा मोबाईल तपासणारा भाऊ, ‘माझ्याशी बोलली नाहीस तर बघ’ म्हणणारा वर्गमित्र, लेकीला दहावीनंतर घरी बसवणारा प्रेमळ बाप यांना वर्तुळात उभं केलं, तर कड्यातल्या बऱ्याच जणांना मान खाली घालावी लागेल. आणि मुलीचा जीव घेण्याइतका राग ज्या जातीच्या अभिमानातून येतो, त्या जातीचं नाव घ्यायला तर आपली पथनाट्यं फार कचरतात. दत्ता भगतांसारखा, ‘वाटा-पळवाटा’ लिहून जातीचा प्रश्न नाटकातून थेट मांडणारा लेखक ज्या नांदेडचा, तिथे हे कचरणं जास्तच बोचतं.

तरीही ही नाटकं थांबवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभं राहता येत नाही. ‘असलं दाखवूनच पोरं बिघडतात’ हा युक्तिवाद घरातल्या मारहाणीचं काय करायचं ते सांगत नाही. ‘आधी अभ्यास’ म्हणणाऱ्यांना विचारावं की ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी लातूर शहरात खोली करून राहणाऱ्या हजारो मुली ट्यूशनहून परतताना जे ऐकतात, त्याचा धडा कोणत्या विषयात आहे? शिवाय नाटकाचा सर्वांत पक्का परिणाम प्रेक्षकांवर नव्हे, करणाऱ्यांवर होतो. महिनाभर तालीम करताना जो मुलगा सासूचा, पीडितेचा किंवा मारकुट्या नवऱ्याचा आवाज आपल्या घशातून काढतो, त्याला घरी गेल्यावर आईबापाचं बोलणं वेगळं ऐकू येतं. 1993 पासून मुंबईतून काम करणारी ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही पुरुषांची संघटना महाविद्यालयीन मुलग्यांशी बोलण्यासाठी नाटक, चित्रपट आणि गटचर्चा वापरत आली, ती याच जाणिवेने. मुलीच्या बाबतीत तर गोलात उभं राहून खणखणीत आवाज काढणं हाच मोठा बदल असतो. संध्याकाळची शेवटची एसटी, गावातली कुजबुज, ‘नाटकात नाचते’ हा शेरा, एवढं ओलांडून ती तिथवर आलेली असते.

म्हणून आमचं मत असं की नाटकं व्हावीत, वाढावीत. पण त्यांची परीक्षा टाळ्यांनंतरच्या अर्ध्या तासावर व्हावी. विद्यापीठाला यासाठी नवा निधी लागणार नाही. प्रयोगानंतर चर्चेला वेळ राखून ठेवावा आणि तिथे महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीची सदस्य हजर असावी. 2013 च्या कायद्याने ही समिती प्रत्येक महाविद्यालयाला बंधनकारक केली आहे. तिच्या सदस्यांची नावं किती विद्यार्थिनींना सांगता येतील? 181 ही महिला हेल्पलाइन आणि 1098 ही बालकांसाठीची, हे दोन क्रमांक संवादासारखे पाठ करून घ्यावेत. तालमी दिवसाउजेडी संपाव्यात, म्हणजे खेड्यातली मुलगी संघात टिकेल. परीक्षकांनी हिंसेचं दृश्य किती हुबेहूब वठलं यापेक्षा हिंसा करणाऱ्याचं मन किती उलगडलं, याला गुण द्यावेत.

आणखी एक रीत आजमावण्यासारखी आहे. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकालाच नाटकात उतरवणारी पद्धत घडवली. बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही संस्था ती गावांत दीर्घकाळ वापरत आली. प्रसंग एकदा पूर्ण करायचा, मग पुन्हा सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून पुढे येऊन एका पात्राची जागा घ्यायची. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, किंवा माळेगावच्या यात्रेत असा खेळ मांडला, आणि बालविवाहाच्या प्रसंगात एखाद्या मामाने ‘थांबा’ म्हणून बापाची जागा घेतली, तर त्या मामाने आपल्या भाचीसाठी काय बोलायचं याची तालीम सगळ्यांसमोर केलेली असेल.

ढोलकी थांबते, गर्दी पांगते, संघातली मुलं पाणी पीत असतात. अशा वेळी एखादी मुलगी उगाच रेंगाळते, चपलेचा पट्टा नीट करते, जायचं टाळते. तिच्याजवळ जाऊन ‘बस ना थोडा वेळ’ म्हणणारं, आणि पुढे काय करायचं ते ठाऊक असलेलं माणूस तिथे असलं पाहिजे. ते माणूस नेमणं हे विद्यापीठाचं, महाविद्यालयांचं आणि आपल्या मोठ्यांचं काम आहे. मुलांनी त्यांचं काम केलेलं आहे.