४०० काय?

‘दूध किती घ्यावें?’ या प्रश्नास ‘दोन’ एवढेंच उत्तर आलें, तर घरची गृहिणी लागलीच पुसते, ‘दोन काय? पेले कीं लिटर?’ हा सावधपणा स्वयंपाकघरांत आपणां सर्वांस आहे; शास्त्रीय आंकडा दिसला म्हणजे मात्र तो आपणांस सोडून जातो. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचिलेल्या ‘लीलावती’चा आरंभ मंगलाचरणानंतर परिभाषेनेंच होतो. वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, अशीं कोष्टकें आधीं, गणित मागाहून. आजचा विषय किरणांच्या मात्रेचा असला, तरी क्रम हाच ठेवूं.

विषय निघण्यास कारण हापूस आंबा. येथें वाईंत एका परिचित कुटुंबांतील नातवंडें अमेरिकेंत आहेत. तिकडे जाणाऱ्या आंब्यावर किरण सोडलेले असतात हें ऐकून आजीबाईंनीं, मुलांस तो देऊं नका, असें कळविलें. ‘मात्रा केवळ ४०० आहे,’ असें सुनेचें उत्तर आलें. ‘४०० काय?’ असें आजीबाईंनीं विचारिलें, तें कोणासच सांगतां येईना. आणि दोघींमध्यें उगाच अबोला आला.

किरणांनीं पदार्थांत सोडलेली ऊर्जा मोजण्याचें जुनें मान ‘रॅड’. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नांवाचें ‘ग्रे’ हें मान १९७५ मध्यें आंतरराष्ट्रीय परिषदेनें स्वीकारिलें. एक किलोग्रॅम पदार्थांत एक जूल ऊर्जा शोषिली गेली म्हणजे एक ग्रे. १०० रॅड म्हणजे १ ग्रे. १,००० मिलिग्रे म्हणजे १ ग्रे, आणि १,००० मायक्रोग्रे म्हणजे १ मिलिग्रे. ही झाली मात्रा. ती किती वेळांत मिळते हें सांगितलें म्हणजे मात्रेचा दर होतो. मात्रा म्हणजे हौदांत सांचलेलें पाणी. दर म्हणजे नळाची धार.

अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यास निदान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ या केंद्रांत कोबाल्ट-६० च्या गामा किरणांनीं ही क्रिया झाली, आणि २००७ मध्यें आपला आंबा त्या देशाच्या बाजारांत गेला. हेतु एवढाच कीं, फळांतील किडीची पुढील पिढी निपजूं नये. कांद्यास मोड येऊं नयेत म्हणून शंभर ग्रेच्या आंतील मात्राही पुरते.

आतां समजुतीपुरतें एक उदाहरण घेऊं. दर ताशीं १,००,००० रॅड आहे. त्यास १०० नीं भागिलें म्हणजे ताशीं १,००० ग्रे. ६० मिनिटांत १,००० ग्रे, तर ४०० ग्रे किती मिनिटांत? त्रैराशिकानें उत्तर २४ मिनिटें, म्हणजे बरोबर एक घटिका. मिनिटाचा दर हवा असल्यास ताशीं दरास ६० नीं भागावें, १६·६७ ग्रे. सेकंदाचा हवा असल्यास पुनः ६० नीं, सुमारें ०·२८ ग्रे. कोबाल्टचें तेज ५·२७ वर्षांत निम्में होतें, म्हणजे महिन्यास सुमारें एक टक्का उणें. म्हणून हा दर वेळोवेळीं नव्यानें मांडावा लागतो. सव्वापांच वर्षांनीं तेंच काम दोन घटिकांचें होतें.

येथें मान चुकलें तर? रॅडला ग्रे समजणारा शंभरपट चुकतो, तासाला मिनिट समजणारा साठपट, मायक्रोला मिलि समजणारा हजारपट. ४०० ग्रेनें पाण्याची उष्णता एका अंशाच्या दहाव्या हिश्शानेंही पुरती वाढत नाहीं. तेव्हां हातास ऊब लागून सूचना मिळेल ही आशा नको. आणि सर्वांगावर एकदम पडलेली चार-पांच ग्रे मात्रा उपचार न झाल्यास निम्म्या माणसांचे प्राण घेते. २०१० मध्यें दिल्लीच्या मायापुरी भागांत भंगारांत गेलेल्या कोबाल्ट-६० मुळें एका कामगारास प्राणास मुकावें लागलें. उलट, कर्करोगाच्या उपचारांत रोज सुमारें २ ग्रे, म्हणजे जुन्या कागदांवरचे २०० रॅड, याप्रमाणें कित्येक आठवड्यांत ५०-६० ग्रे देतात. ती मात्रा नेमक्या जागीं व हप्त्याहप्त्यानें असते, म्हणूनच तारक होते.

आपल्या अंगणांतही भूमींतून व आकाशांतून किरण येतच असतात. ताशीं ०·१ मायक्रोग्रे दर धरिला, तर वर्षाच्या ८,७६६ तासांत सुमारें ८७७ मायक्रोग्रे, म्हणजे ०·८८ मिलिग्रे होतात.

आजीबाईंस सांगावयाचें तें इतकेंच: ती मात्रा आंब्यास मिळाली, खाणाऱ्यास नव्हे. दिव्याखालीं ठेविलेलें फळ दिवा मालविल्यावर स्वतः प्रकाशत नाहीं. तसाच कोबाल्टच्या गामा किरणांतून निघालेला आंबा स्वतः किरण सोडीत नाहीं. त्यांची भीति निराधार होती, परंतु प्रश्न अगदीं रास्त होता. उलट सुनेचें म्हणणें खरें होतें, परंतु ‘केवळ’ हा शब्द अस्थानीं होता. ४०० ग्रे ही माणसाच्या दृष्टीनें भयंकर मात्रा आहे. असा आंकडा समोर आला म्हणजे तीन प्रश्न करावे: मान कोणतें? किती वेळांत? आणि कोणाच्या अंगावर?

घरांतील विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण सोडवून वडिलांस दाखवावें. दर ताशीं ८०,००० रॅड असतां ४०० ग्रे मात्रेस किती घटिका लागतील? उत्तर सव्वा घटिका आलें म्हणजे बरोबर.